टोपलीत शिजणारी पेज

टोपलीत पाणी ओतलं तर गळेल आणि टोपली चुलीवर ठेवली तर जळेल, हे कुणीही सांगेल. पण अमेरिकेत, उत्तर कॅलिफोर्नियातल्या विंटू बायका टोपलीतच पेज शिजवायच्या! माउंट शास्ता या बर्फाळ ज्वालामुखीच्या दक्षिणेला, सॅक्रामेंटो आणि मॅक्लाउड नद्यांच्या काठी त्यांची गावं होती.

टोपली काड्यांची आणि मुळांची, अगदी घट्ट विणलेली. भिजली की काड्या फुगायच्या आणि उरलीसुरली फट बुजायची. चुलीवर मात्र ती चढवायचीच नाही! दगड विस्तवात लालबुंद तापवायचे, दोन काठ्यांनी उचलायचे, राख जावी म्हणून पटकन पाण्यात बुचकळायचे आणि टोपलीत सोडायचे. चर्रर्र! मग ढवळत राहायचं. हात थांबला, दगड तळाला टेकला, की टोपली करपलीच म्हणून समजा.

पेज कशाची? ओकच्या झाडाच्या एकॉर्न नावाच्या फळांची. कच्चं एकॉर्न चावलंत, तर हिरडा चघळल्यासारखं तोंड आखडून येईल. हा सगळा प्रताप टॅनिन या तुरट द्रव्याचा. पण टॅनिन पाण्यात विरघळतं ना! म्हणून फळं सोलून वाळवायची, कुटून पीठ करायचं, नदीकाठच्या वाळूत खळगा करून त्यात पसरायचं आणि वरून पाणी ओतत राहायचं. पाणी तुरटपणा घेऊन वाळूत जिरायचं. मध्येमध्ये चिमूटभर चाखून बघायचं. तुरट लागलं, तर आणखी पाणी.

पीठ झाडायला लागणारा ब्रश कुठून आणायचा? साबणकंदापासून! हा एका रानटी रोपाचा कांदा, वरून दाट केसाळ. ते केस जुडीत बांधले की ब्रश तयार. तोच कांदा शिजवून केलेला चिकट गर सुकला की ब्रशची मूठ होते. कच्चा कांदा पाण्यात चोळला की फेस येतो, कारण आपल्या रिठ्यात असतं तसंच सॅपोनिन त्यातही असतं. हा कांदा ठेचून साचलेल्या पाण्यात टाकला, तर सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करतं. मासे गुंगून वर तरंगतात, नुसते हातानं उचलायचे! माणसाला मात्र ते मासे खाऊन काही होत नाही. एकाच कांद्यात ब्रश, साबण आणि मासेमारी! मला तर हा कांदा एकॉर्नपेक्षाही हुशार वाटतो.

सॅमन मासे मात्र भाल्यानं मारत. वाळवून त्यांचं पीठ करत. ते टिकायचं, शेजारच्या लोकांना देऊन बदल्यात वस्तू घेता यायच्या. १९४५ मध्ये पूर्ण झालेल्या शास्ता धरणामुळे मॅक्लाउडचा सॅमन नदीत यायचा थांबला. पण गंमत पाहा, कॅलिफोर्नियातल्या सॅमनची अंडी त्याआधीच जहाजानं न्यूझीलंडला पोचली होती आणि त्यांचे वंशज तिथल्या नद्यांत पोहत आहेत! २०१० मध्ये विंटूंपैकी विनेमेम मंडळी त्यांना भेटायला तिकडे गेली आणि राकाइया नदीकाठी माशांसाठी नाचली.