संगणकीय कालसमन्वयन सेवा
संगणकातील घड्याळ जाळ्यावरील प्रमाण घड्याळांशी सतत जुळते ठेवणारी सेवा. हे काम करणारा कार्यक्रम वापरणाऱ्याच्या आज्ञेची वाट न पाहता पार्श्वभूमीवर अखंड चालतो. अशा कार्यक्रमास ‘डीमन’ म्हणतात. तो कशाच्या आधी वा नंतर आणि कोणत्या मर्यादांसह सुरू व्हावा, यासंबंधीच्या सूचना एका लहान मजकूर-फाईलीत लिहिलेल्या असतात. तिला सेवा-फाईल म्हणतात.

आवश्यकता : संगणकातील घड्याळ क्वॉर्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. स्फटिकाची कंप्रता तापमानानुसार व कालांतराने बदलते. दर दहा लाख सेकंदांस २० सेकंद एवढी चूक असल्यास घड्याळ दिवसाकाठी सु. १·७ सेकंद पुढे वा मागे जाते. एकट्या संगणकाच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक वाटतो. पण अनेक संगणक मिळून काम करीत असल्यास व्यवहारांच्या नोंदींचा क्रमच अविश्वसनीय ठरतो. अंकीय प्रमाणपत्रांची मुदत संगणक स्वतःच्या घड्याळावरूनच तपासतो. कर्बरॉस या ओळख-पडताळणीच्या पद्धतीत तर दोन संगणकांच्या काळांत सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक अंतर पडल्यास प्रवेश नाकारला जातो.

कार्यतत्त्व : या कामासाठी प्रचलित असलेला ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ (एनटीपी) हा संकेत अमेरिकेतील डेव्हिड एल. मिल्स (१९३८–२०२४) यांनी तयार केला. त्याचे पहिले विवरण १९८५ मध्ये व चौथ्या आवृत्तीचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आणवीय घड्याळासारखा मूळ कालस्रोत शून्य स्तरावर, त्याला थेट जोडलेला संगणक पहिल्या स्तरावर, त्याच्याकडून काळ घेणारा दुसऱ्या स्तरावर, अशी यातील रचना असते.

संदेश निघाल्याचा, सर्व्हरला पोहोचल्याचा, तेथून उत्तर निघाल्याचा व ते परत आल्याचा असे चार काळ प्रत्येक विचारणेत नोंदले जातात. समजा, हे काळ अनुक्रमे ०, १३०, १३१ व ६१ मिलिसेकंद आहेत. यांपैकी पहिला व चौथा काळ विचारणाऱ्याच्या घड्याळाचा, तर मधले दोन सर्व्हरच्या घड्याळाचे असतात. एकूण ६१ मिलिसेकंदांतून सर्व्हरकडील १ मिलिसेकंद वजा केल्यास प्रवासाचा काळ ६० मिलिसेकंद येतो. जाण्याचे अंतर १३० व येण्याचे ७०. त्यांची सरासरी १००. म्हणजे विचारणाऱ्याचे घड्याळ १०० मिलिसेकंद मागे आहे. जाण्यायेण्यास सारखाच वेळ लागतो, हे यात गृहीत धरलेले असते.

दुरुस्तीच्या मर्यादा : एनटीपीडी या मूळ डीमनमध्ये फरक १२८ मिलिसेकंदांपर्यंत असल्यास घड्याळाची गती किंचित बदलून तो हळूहळू भरून काढला जातो. ही गती दर दहा लाखांस ५०० हून अधिक बदलता येत नाही. म्हणून १ सेकंदाची चूक अशा रीतीने काढण्यास २,००० सेकंद लागतील. याहून मोठा फरक टिकून राहिल्यास घड्याळ एकदम सरकविले जाते. मात्र फरक १,००० सेकंदांपलीकडे गेल्यास काही गंभीर बिघाड आहे असे मानून डीमन काम थांबवितो.

आरंभीची अडचण : रास्पबेरी पायच्या पहिल्या चार पिढ्यांसारख्या लहान संगणकांत विद्युत् घटावर चालणारे घड्याळ नसते. असा संगणक सुरू होताना काही दिवसांनी, क्वचित वर्षांनीही मागे असू शकतो. येथे एक चक्र निर्माण होते : काळ मिळविण्यास जाळे व सर्व्हरचा पत्ता लागतो; पत्त्यावरील अंकीय स्वाक्षरी तपासावयाची तर तिच्या मुदतीसाठी बरोबर काळ लागतो. म्हणून पहिली दुरुस्ती कितीही मोठी असली तरी ती एकदाच करू देण्याची सवलत डीमनला देतात. ती इतर कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच व्हावयास हवी. नंतर घड्याळ एकाएकी सरकल्यास चालू कामांचा कालक्रम बिघडतो.

सेवा-फाईलीची मांडणी : युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ पद्धतीत आरंभ-आज्ञावलींच्या नावांतील क्रमांकांवरून त्यांचा क्रम ठरत असे. लिनक्ससाठी २०१० मध्ये पुढे आलेल्या सिस्टिमडी या व्यवस्थेत सेवा-फाईलीचे तीन भाग असतात : ‘युनिट’मध्ये सेवेचे वर्णन व क्रम, ‘सर्व्हिस’मध्ये चालवावयाचा कार्यक्रम व तो बंद पडल्यास करावयाची कृती आणि ‘इन्स्टॉल’मध्ये ती कोणत्या टप्प्यात सामील करावयाची ते असते. ‘आफ्टर’ ही सूचना केवळ क्रम सांगते. दुसरी सेवा सुरू करविण्यासाठी ‘वॉन्ट्स’ वा ‘रिक्वायर्स’ लिहावे लागते. एका संगणकावर घड्याळ दुरुस्त करणारे दोन डीमन एकाच वेळी चालू नयेत, यासाठी ‘कॉन्फ्लिक्ट्स’ वापरतात.

डीमन सुरू होणे आणि घड्याळ जुळणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिली घडताच इतर सेवा सुरू केल्या, तर त्यांना चुकीचाच काळ मिळतो. म्हणून घड्याळ जुळेपर्यंत थांबणारी स्वतंत्र सेवा ठेवतात आणि काळावर अवलंबून असलेल्या सेवा ‘टाइम-सिंक’ या टप्प्यानंतर लावतात. तसेच बंद पडलेला डीमन प्रत्येक वेळी आपोआप पुन्हा सुरू करण्याची सूचना दिली, तर मोठ्या दुरुस्तीची सवलतही दर वेळी नव्याने मिळते व १,००० सेकंदांच्या मर्यादेचे संरक्षण उरत नाही. क्रोनी या डीमनमध्ये घड्याळ सरकविण्याची मुभा पहिल्या काही दुरुस्त्यांपुरतीच ठेवता येते.

भारतातील स्थिती : भारतीय प्रमाण वेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा राखते. संगणकांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या वा राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळती ठेवण्याचा निर्देश केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिला. एखाद्या गैरप्रकाराचा माग काढताना निरनिराळ्या संगणकांवरील नोंदी एकाच कालक्रमात लावता येणे आवश्यक असते. आरंभी घड्याळ जुळण्यापूर्वी झालेल्या नोंदी या क्रमात बसत नाहीत. म्हणून योग्य सर्व्हर निवडण्याइतकेच सेवा-फाईलीतील आरंभक्रमालाही महत्त्व आहे.