घरचा कॉम्प्युटर घरच्यांनीच सांभाळावा

घरात शिलाई मशीन असले की त्याला तेल द्यावे लागते, सायकल असली की चेन पुसावी लागते. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण कॉम्प्युटर घरात आला की आपण समजतो, बटन दाबले की झाले! आम्हीही असेच समजत होतो. त्याची शिक्षा आम्हाला मिळाली. ती तुम्हाला मिळू नये म्हणून हे चार शब्द.

आमच्या घरी दुसऱ्याकडून घेतलेला जुना कॉम्प्युटर आहे. त्यात विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ घ्यायला आमचे यंत्र पात्र नव्हते आणि नवे यंत्र घेण्याची आमची ऐपत नव्हती. तेव्हा आयटीआयला शिकणाऱ्या शेजारच्या मुलाने त्यात लिनक्स मिंट घालून दिले. एक पैसाही लागला नाही. जाताना तो म्हणाला, "काका, खाली उजव्या कोपऱ्यात ढालीचे चित्र आहे. त्यावर नारिंगी ठिपका दिसला की अपडेट आले समजा. तेवढे आठवड्याला करत जा."

आम्ही "हो" म्हणालो आणि विसरलो. तीन महिने ठिपका दिसत होता आणि आम्ही "नंतर बघू" म्हणत होतो. मग एका संध्याकाळी आठवण झाली. साचलेले सगळे अपडेट एकदम सुरू केले आणि नेमकी वीज गेली. वीज आल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला, पण नवे काहीच बसेना. प्रत्येक वेळी इंग्रजी अक्षरांची एक चौकट पुढे यायची.

आमच्या काळजाचा ठोका चुकला. पोरगी बारावीला. तिच्या नोट्स, जातीच्या दाखल्याची आणि उत्पन्नाच्या दाखल्याची स्कॅन केलेली प्रत, सगळे त्यातच होते. स्कॉलरशिपच्या फॉर्मची तारीख जवळ आलेली. दुरुस्तीच्या दुकानात विचारले. उत्तर मिळाले, "फॉर्मॅट मारावे लागेल. आतले राहील की नाही, सांगता येत नाही." वर पैसे सांगितले ते वेगळेच. मजुराच्या दोन दिवसांच्या रोजाएवढे!

रात्री शेजारच्या मुलाला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "काका, चौकटीत काय लिहिलंय ते वाचलंत का?" खरे सांगायचे तर वाचले नव्हते. इंग्रजी दिसले की आम्ही चौकट बंद करत होतो. मग पोरीने एकेक शब्द मोठ्याने वाचला. अर्थ साधा होता : सामान बसवण्याचे काम मध्येच तुटले आहे, ते पुरे करण्यासाठी पुढील आज्ञा द्या. आणि आज्ञाही तिथेच लिहिलेली होती, 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. पोरीने टर्मिनल उघडून पडद्यावर होती तशीच ती टाकली, पासवर्ड दिला. अक्षरे सरसर पळाली आणि थोड्या वेळात काम पुरे झाले. एकही फाईल गेली नाही. औषध डोळ्यासमोर लिहिलेले होते, आम्ही मात्र भीतीपोटी ते वाचले नव्हते!

त्या दिवशी आम्ही ठरवले, हे यंत्र समजून घ्यायचे. जे समजले ते इथे देत आहोत.

लिनक्सचे मूळ १९९१ सालचे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ते लिहायला घेतले आणि सर्वांसाठी खुले केले. पुढे १९९३ साली इयान मर्डॉक यांनी डेबियन सुरू केले. डेबियनवर २००४ साली उबुंटू उभे राहिले, आणि उबुंटूवर २००६ पासून लिनक्स मिंट. म्हणजे आमच्या घरातल्या यंत्रामागे अशी तीन पिढ्यांची मेहनत आहे.

विंडोजवर नवा प्रोग्रॅम हवा असला की आपण इंटरनेटवर शोधत फिरतो. कुठले खरे, कुठले खोटे, कळत नाही. लिनक्समध्ये रीत वेगळी आहे. मिंट आणि उबुंटूची स्वतःची मोठी कोठारे आहेत. हजारो प्रोग्रॅम तिथे बांधून ठेवलेले असतात. कोठाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि आपला कॉम्प्युटर ती सही तपासूनच माल आत घेतो. वाटेत कोणी भेसळ केली तर सही जुळत नाही. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची गरज असली, जशी शेगडीला रेग्युलेटरची, तर तेही सामान आपोआप सोबत येते.

यात दोन कामे वेगळी आहेत, ती ओळखून घ्यावीत. 'सुडो ॲप्ट अपडेट' ही आज्ञा फक्त कोठाराची ताजी यादी आणते. 'सुडो ॲप्ट अपग्रेड' ही आज्ञा खरा नवा माल आणून बसवते. यादी जुनी असेल तर मालही जुनाच मिळणार. ढालीवर टिचकी मारली की हीच दोन्ही कामे चित्रांच्या खिडकीतून होतात. 'रिफ्रेश' म्हणजे यादी, 'इन्स्टॉल अपडेट्स' म्हणजे माल. आज्ञा पाठ नसल्या तरी काही अडत नाही.

आता कोणी म्हणेल, चालतेय तर हात कशाला लावायचा? मे २०१७ ची गोष्ट ऐका. वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे विंडोज कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. इंग्लंडमध्ये सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मार्च २०१७ मध्येच आले होते. पण असंख्य यंत्रांवर ते बसवलेलेच नव्हते. औषध दोन महिने आधी आले, पण घेतले कोणी नाही!

लिनक्सला काहीच होत नाही, असेही समजू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या सामानात कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढेच खटकले. त्याने मागे लागून शोध घेतला आणि चोरी पकडली. डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत ते सामान अजून पोहोचलेच नव्हते, ते चाचणीच्या आवृत्त्यांत होते. यातून धडा असा : सामान्य घराने सगळ्यात नव्याच्या मागे धावू नये. पक्की आवृत्ती वापरावी, पण तिचे सुरक्षेचे अपडेट टाळू नयेत.

आमच्या घरात आता पाळतो ते नियम असे :

एक, दर रविवारी सकाळी अपडेट. थोडे थोडे केले की वेळही कमी लागतो आणि मोबाईलचा डेटाही एकदम संपत नाही. खिडकीत किती एमबी उतरवायचे ते आधीच लिहिलेले असते, ते पाहून घ्यावे.

दोन, वीज जाण्याचा संभव असेल तर सुरू करू नये. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली ठेवावी. काम चालू असताना बटन दाबून यंत्र बंद करू नये.

तीन, मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे. ती यंत्रणेचा जणू फोटो काढून ठेवते. अपडेटने काही बिघडले तर कालच्या स्थितीत परत जाता येते. पण लक्षात ठेवा, ती नेहमीच्या मांडणीत आपली कागदपत्रे जपत नाही. दाखले, फोटो, नोट्स यांची प्रत पेनड्राइव्हवर वेगळी हवीच. हा नियम आम्ही सर्वात उशिरा शिकलो.

चार, कर्नेल म्हणजे यंत्रणेचा गाभा. त्याचे अपडेट आले की यंत्र पुन्हा सुरू करावे, तोवर नवा गाभा कामाला लागत नाही. नव्यावर यंत्र नीट उठले नाही तर घाबरू नये. सुरुवातीच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना गाभा निवडता येतो.

पाच, प्रोग्रॅम आधी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच शोधावा. अनोळखी माणसाने दिलेली आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवू नये. आपण काही सुरू केले नसताना पासवर्ड विचारला तर देऊ नये. तो पासवर्ड म्हणजे घराची किल्ली.

सहा, आवृत्तीची मुदत माहीत असावी. लिनक्स मिंट २० ची मुदत एप्रिल २०२५ मध्ये संपली. मिंट २१ ला २०२७ पर्यंत आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळायचे आहेत. मुदत संपलेल्या आवृत्तीवर ठिपका दिसत नाही, म्हणून सारे ठीक आहे असे समजू नये. औषध येणेच बंद झालेले असते.

आता रविवारी चहा झाला की पोरगीच ढालीवर टिचकी मारते. तिची आई शेजारी बसून यादी वाचते. एक-दोन शब्द अडतात, ते वहीत लिहून ठेवते. अशी वहीची सात पाने भरली आहेत. स्कॉलरशिपचा फॉर्म वेळेत गेला. मागच्या महिन्यात चाळीतल्या एका भगिनीच्या कॉम्प्युटरवर तशीच चौकट आली, तेव्हा माय-लेकी दोघी जाऊन दुरुस्त करून आल्या. पैसे घेतले नाहीत, पण जाताना पोरीने त्यांना बजावले, "मावशी, पुढच्या वेळी चौकट बंद करायची नाही. आधी वाचायची."

बंधू-भगिनींनो, आम्हीही एवढेच सांगतो. यंत्र काय म्हणते ते आधी वाचा. समजले नाही तर मुलांना विचारा, त्यांनाही समजले नाही तर सोबत बसून शब्दाचा अर्थ शोधा. दुकानाची पायरी त्यानंतर चढा.