पितळेचा खर्ज

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत बसून सगळ्या स्वरमेळाला तळ पुरवणारी जी मंद्र सप्तकातील पितळी वाद्ये आहेत, म्हणजे ट्यूबा, युफोनियम, बास ट्रॉम्बोन आणि त्यांची भावंडे, त्यांच्यासाठी स्वतंत्र चेंबर म्युझिक सातत्याने लिहिले जाऊ लागले ते प्रामुख्याने गेल्या सत्तर वर्षांत, आणि त्यातले खरोखर नवे म्हणावे असे काम त्याहूनही अलीकडचे आहे. चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी संचालकाविना वाजवायचे संगीत. त्यात प्रत्येकाची ओळ त्याची एकट्याची असते, एकमेकांच्या श्वासाकडे कान देऊनच पुढे जावे लागते आणि कच्चा स्वर झाकायला शेजारी कोणी नसतो. या संगीताचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मंद्र वाद्यांनी उंच वाद्यांसारखे चपळ आणि गोड वाजवून दाखवावे, या अपेक्षेने लिहिलेल्या रचना संख्येने पुष्कळ असल्या तरी मोलाने मर्यादित राहिल्या. उलट खर्ज हाच ज्यांनी विषय मानला, त्याची संथ चाल, त्याला लागणारा दमसास आणि त्यातून उमटणारे उपस्वर यांचा ज्यांनी विचार केला, त्या संगीतकारांनी या वाद्यांना त्यांचे स्वतःचे साहित्य मिळवून दिले.

ट्यूबा हे वाद्य तसे तरुण आहे. १८३५ साली बर्लिनमध्ये लष्करी बँडचे प्रमुख विल्हेल्म व्हीप्रेख्त आणि वाद्यकार योहान मोरित्झ यांनी पाच कळांच्या बास ट्यूबाचे पेटंट घेतले. त्यापूर्वी तळाचे काम सर्पंट हे नागमोडी लाकडी वाद्य आणि ऑफिक्लाइड हे बोटांच्या चाव्यांचे पितळी वाद्य करीत असे, पण दोन्हींचा स्वर सर्वत्र सारखा भरीव नव्हता. कळ, म्हणजे व्हॉल्व्ह, दाबली की हवा जास्तीच्या नळीतून फिरून जाते, एकूण नळी लांब होते आणि स्वर खाली उतरतो. कल्पना सोपी असली तरी तिच्यात एक मूळची अडचण आहे. कोमल निषादाच्या मोठ्या ट्यूबाची उघडी नळी सुमारे साडेपाच मीटर लांब असते. पहिली कळ एक पूर्ण स्वर उतरवते आणि त्यासाठी सुमारे ६७ सेंटिमीटर नळी जोडते. तिसरी कळ दीड स्वर उतरवण्यासाठी सुमारे १०४ सेंटिमीटर जोडते. दोन्ही एकदम दाबल्या तर अडीच स्वर उतरायला हवेत, पण त्याला १८४ सेंटिमीटर नळी लागते आणि मिळते फक्त १७१, कारण प्रत्येक कळेची नळी उघड्या लांबीच्या हिशेबाने कापलेली असते. या तेरा सेंटिमीटरच्या तुटीमुळे स्वर चांगलाच चढा लागतो. १८७४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्लेकली यांनी ही तूट आपोआप भरून काढणारी रचना शोधली, तर अन्यत्र चौथी, पाचवी, सहावी कळ वाढवून आणि वाजवता वाजवता हाताने नळी सरकवून वादकांनी मार्ग काढला. ही अडचण येथे तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, पुढे एकविसाव्या शतकात याच दोषातून एका नव्या संगीताला वाट मिळाली.

दुसरी अडचण वाद्याची नसून कानाची आहे. अगदी खालच्या पट्टीत षड्ज आणि गंधार एकत्र वाजवले, तर त्यांच्या कंपनांमध्ये सेकंदाला जेमतेम १५ चा फरक पडतो आणि कानाला दोन स्वरांचा संवाद ऐकू न येता एक घरघर ऐकू येते. तीच जोडी दोन सप्तके वर नेली की फरक साठच्या आसपास जातो आणि मेळ स्वच्छ लागतो. म्हणूनच स्वरसंहती लिहिताना तळाशी अंतर मोठे ठेवावे आणि वर दाटी करावी, असा नियम संगीताच्या विद्यार्थ्यांना पहिल्यापासून शिकवला जातो. चार ट्यूबांची चौकडी बसवायची म्हणजे हा नियम पदोपदी आडवा येणार, हे उघडच आहे.

तरीही मंद्र पितळेच्या छोट्या मेळाला एक गंभीर पूर्वपरंपरा होती. ट्रॉम्बोन सरकत्या नळीमुळे कळांशिवायही शुद्ध स्वरात वाजू शकतो आणि शतकानुशतके तो चर्चच्या व अंत्यविधीच्या संगीताशी जोडलेला होता. बेथोवेनने १८१२ साली लिंझ येथे मृतात्म्यांच्या स्मरणदिनासाठी चार ट्रॉम्बोनांच्या तीन लहान रचना लिहिल्या, आणि १८२७ मध्ये त्याच्याच अंत्ययात्रेत त्यांतील दोन पुरुषकंठांसाठी केलेल्या रूपांतरासह ऐकवल्या गेल्या. पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेल्या विक्टर एवाल्ड यांनी पितळी पंचकासाठी लिहिलेल्या रचना आजही वाजतात. मात्र त्यांत तळाच्या वाद्याचे काम बव्हंशी आधार देण्याचेच आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर परिस्थिती पालटली, ती मुख्यतः वादकांच्या हट्टामुळे. १९५४ साली न्यूयॉर्क ब्रास क्विंटेट हे पंचक उभे राहिले. दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा अशी त्याची बांधणी होती आणि ट्यूबावर हार्वी फिलिप्स होते. माल्कम अर्नल्ड यांचे १९६१ चे पंचक याच मंडळींसाठी लिहिले गेले. त्याच १९५४ मध्ये लंडनला व्हॉन विल्यम्स यांचा ट्यूबा कन्चेर्टो सादर झाला आणि पुढच्याच वर्षी पॉल हिंडेमिथ यांनी बास ट्यूबा व पियानोसाठी सोनाटा लिहिला. हार्वी फिलिप्स यांनी ओळखीच्या प्रत्येक संगीतकाराकडे नव्या रचनेचा लकडा लावला. १९७३ साली इंडियाना विद्यापीठात ट्यूबावादकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती त्यांच्याच पुढाकाराने, आणि गुंथर शूलर यांची ट्यूबा चौकडीसाठीची ‘फाइव्ह मूड्स’ त्याच वर्षीची. फिलिप्स यांच्यासाठी ॲलेक वाइल्डर यांनी लिहिलेली ‘एफी’ ही मालिका एका हत्तिणीची गोष्ट सांगते. ती प्रेमाने लिहिलेली, सुबक रचना आहे, पण अवजड वाद्य म्हणजे अवजड प्राणी हे समीकरण तिने आणखी घट्ट केले, हेही मान्य केले पाहिजे.

यानंतर ट्यूबा-युफोनियम चौकड्यांचे पेव फुटले. बहुधा दोन युफोनियम वर आणि दोन ट्यूबा खाली अशी त्यांची विभागणी असते. युफोनियमची नळीही शंकूसारखी रुंदावत जाते, त्यामुळे आवाजाचा पोत एकजिनसी राहतो आणि तळची घरघरही टळते. अमेरिकेतील विद्यापीठांत विन्स्टन मॉरिस आणि जॉन स्टीव्हन्स यांच्यासारख्या शिक्षकांनी या प्रकाराला शिस्त दिली, विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या आणि वाजवायला भरपूर साहित्य पुरवले. हे ऋण मोठे आहे. परंतु या साहित्याचा बराच भाग नृत्यलयी, जॅझचे रंग आणि रूपांतरे यांतच रमलेला आहे. तो वादकाला आनंद देतो, परीक्षेला उपयोगी पडतो. श्रोत्याला मात्र तो जे ऐकवतो ते अन्य वाद्यांवर त्याने आधीच ऐकलेले असते.

खरा पालट झाला तो ट्यूबाला परक्या सोबतीत बसवल्यावर. मॉर्टन फेल्डमन यांनी १९६१ मध्ये व्हायोलिन, ट्यूबा आणि पियानो यांच्यासाठी ‘ड्यूरेशन्स ३’ लिहिले. त्यात स्वर ठरवून दिलेले आहेत, पण प्रत्येक स्वर किती वेळ धरायचा हे वादकांवर सोपवलेले आहे, आणि सगळे अत्यंत हलक्या आवाजात. पितळी वाद्य जोरात फुंकले की उपस्वरांचा भडिमार होऊन आवाज झगझगीत होतो. तेच अगदी हळू फुंकले की उपस्वर गळून पडतात आणि जवळजवळ निखळ, कडा नसलेला स्वर उरतो. फेल्डमन यांनी ट्यूबाचा हा गुण हेरला. व्हायोलिनशेजारी ट्यूबा इतका नाजूक राहू शकतो, हे त्या वेळी फारच थोड्यांच्या ध्यानात आले असेल.

यानिस झेनाकिस यांचा मार्ग याच्या अगदी उलट होता. त्यांच्या १९७२ च्या ‘लिनाइया-आगोन’मध्ये हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा ही तीनच वाद्ये आहेत. ग्रीक पुराणातील लिनस हा गायक अपोलो देवाला आव्हान देतो आणि प्राणांना मुकतो, ही या रचनेची कथा. ट्रॉम्बोन लिनसच्या बाजूने, तर हॉर्न आणि ट्यूबा अपोलोच्या बाजूने उभे राहतात, आणि खेळांच्या गणितावर आधारलेल्या कोष्टकांतून वादक आपापले डाव निवडतात.

पण या सगळ्या काळातली सर्वांत थोर रचना लेनिनग्राडमध्ये, प्रसिद्धीपासून दूर, लिहिली गेली. गालिना उस्तवोल्स्काया यांनी १९७०-७१ मध्ये ‘कॉम्पोझिशन क्र. १’ पूर्ण केली. तिची वाद्ये तीनच: पिकोलो, म्हणजे बासरीकुळातले सर्वांत उंच वाद्य, ट्यूबा आणि पियानो. मधली सगळी सप्तके जणू मोकळी सोडून दोन टोके समोरासमोर उभी केली आहेत आणि पियानो त्यांच्यामध्ये जवळजवळच्या पट्ट्या एकदम दाबून आघात करतो. येथे ट्यूबा कोणाला आधार देत नाही; तो स्वतः बोलतो, आणि तेही खरखरीत, अडखळत्या, हट्टी स्वरांत. ‘आम्हांला शांती दे’ या अर्थाचे प्रार्थनेतील लॅटिन शब्द उपशीर्षक म्हणून दिले आहेत, पण कोणीही ते गात नाही. शेवटच्या भागात सगळे संथ आणि हलके होत जाते, तेव्हा ती शांती मिळाली की मागणाराच थकला, हे ठरवता येत नाही. आपले संगीत चेंबर म्युझिक नव्हेच, असे उस्तवोल्स्काया निक्षून सांगत. तीन वाद्यांतून त्यांनी उभा केलेला भार पाहिला तर त्यांचे म्हणणे पटते. तरीही तीन वादकांनी एकमेकांना ऐकतच तो पेलायचा असल्याने तिचा विचार याच दालनात करावा लागतो. याच सुमारास, १९७७ मध्ये, सोफिया गुबायदुलिना यांनी ट्यूबा आणि पियानोसाठी ‘लामेन्तो’ हे शोकगीत लिहिले.

एकट्या वाद्यातून अनेक स्वर काढण्याचे प्रयोगही येथे लक्षात घेतले पाहिजेत, कारण पुढच्या सामूहिक रचनांना त्यांनी सामग्री पुरवली. वादक एक स्वर फुंकत असतानाच घशातून दुसरा गातो, तेव्हा त्या दोहोंच्या संयोगातून तिसरा-चौथा स्वरही नळीत उमटतो. रुंद नळीच्या ट्यूबात हा परिणाम विशेष भरदार येतो. विल्यम क्राफ्ट यांनी ट्यूबावादक रॉजर बोबो यांच्यासाठी १९६६ मध्ये लिहिलेल्या ‘एन्काउंटर्स २’ मध्ये त्याचा उपयोग आहे. पेंडेरेत्स्की यांचा १९८० चा ‘काप्रिच्चो’ हा एकल ट्यूबाच्या वादकांना आज जवळपास अनिवार्य झाला आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतले सर्वांत लक्षणीय काम बर्लिनभोवती झाले. मूळचे इंग्लंडचे ट्यूबावादक रॉबिन हेवर्ड यांनी २००९ मध्ये सूक्ष्मस्वरी ट्यूबा तयार करवून घेतला. त्यात जादा कळांच्या नळ्या अशा मापाच्या आहेत की पियानोच्या बारा सारख्या पायऱ्यांच्या मधले, शुद्ध गुणोत्तरांचे स्वर नेमके लावता येतात. ज्या नळीच्या लांबीच्या हिशेबाने शतकभर कारागिरांना छळले, तोच हिशेब येथे रचनेचे साधन झाला. हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा यांचे ‘झिंक अँड कॉपर’ हे त्यांचे त्रिकूट याच मार्गाने गेले आहे.

मराठी श्रोत्याला हे संगीत समजायला अवघड जाऊ नये, कारण तानपुरा त्याच्या कानात असतो. खर्जाची तार छेडली की तिच्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार म्हणजे त्या स्वराचा पाचवा उपस्वर. पियानोचा गंधार त्याहून किंचित चढा असतो, तर सातवा उपस्वर पियानोच्या कोमल निषादापेक्षा स्पष्टपणे उतरलेला असतो. ट्यूबाच्या दीर्घ स्वरातही हीच माळ दडलेली असते. तळातला मेळ या उपस्वरांशी तंतोतंत जुळवला की घरघर पूर्णपणे नाहीशी होत नाही, पण ती स्थिर होते, आणि तिच्या वर, कोणीही वाजवत नसलेले स्वर तरंगू लागतात.

स्वीडनच्या एलेन आर्कब्रो यांची २०१७ साली ध्वनिमुद्रणरूपाने प्रसिद्ध झालेली ऑर्गन आणि पितळी वाद्यांची रचना याचा उत्तम नमुना आहे. जर्मनीतील टांगरम्युंडे गावच्या चर्चमध्ये १६२४ चा ऑर्गन आहे. त्याच्या जुन्या स्वरजुळणीत गंधार शुद्ध ठेवलेले असतात. त्याच्यासोबत झिंक अँड कॉपरचे तिघे संथ मेळ धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि एवढ्यावर संपूर्ण रचना उभी राहते. आर्कब्रो यांनी ज्यांच्याकडे शिक्षण घेतले ते न्यूयॉर्कचे संगीतकार ला मॉन्ट यंग १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचे शिष्य होते, आणि प्राणनाथ हे किराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे. ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, त्याच घराण्याची एकेका स्वरावर थांबून तो निरखण्याची सवय न्यूयॉर्कमार्गे उत्तर युरोपातील या मेळापर्यंत पोचली, असे म्हणण्यास जागा आहे. मात्र त्यावरून हे संगीत भारतीय ठरत नाही, कारण त्यात राग नाही, बढत नाही, आणि त्याला ती हवीही नाही.

फ्रान्सच्या एलियान रादिग यांनी २०११ पासून उभारलेल्या ‘ऑकम’ मालिकेत हेवर्ड यांच्या ट्यूबासाठीही रचना आहे. या मालिकेची स्वरलिपी लिहिली जात नाही. रादिग आणि वादक समोरासमोर बसून, एखाद्या जलाशयाची प्रतिमा मनात धरून, रचना तोंडी घडवतात आणि ती त्या वादकाच्या अंगात राहते.

जॅझच्या बाजूने हेन्री थ्रेडगिल यांचे नाव घेतल्यावाचून हा आढावा पुरा होणार नाही. ‘व्हेरी व्हेरी सर्कस’ या संचात त्यांनी एक नव्हे, दोन ट्यूबा बसवले, आणि त्यांच्या ‘झूइड’ संचातही ट्यूबा आहे. याच संचासाठी लिहिलेल्या रचनेला २०१६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तेथे ट्यूबा, गिटार, सेलो आणि ड्रम एकमेकांत गुंतलेल्या स्वतंत्र ओळी वाजवतात आणि खर्ज सतत जागा बदलत राहतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात मंद्र पितळेची ओळख लग्नाच्या वरातीतील, पोलिसांच्या आणि लष्कराच्या बँडमधून आहे. तेथे युफोनियम सर्रास दिसतो, पण त्याचे काम उघड्या रस्त्यावर दूरवर ऐकू जाण्याचे. वर वर्णिलेले संगीत याच्या दुसऱ्या टोकाचे असल्याने ते कसे ऐकावे, याला महत्त्व आहे. मोठ्या ट्यूबाच्या सर्वांत खालच्या स्वरांची कंपने सेकंदाला तीस ते साठच्या घरात असतात आणि मोबाइलचा स्पीकर ती मुळीच वाजवू शकत नाही. त्यावर ऐकू येतो तो केवळ उपस्वरांचा सांगाडा. चांगले हेडफोन किंवा मोठे स्पीकर हाताशी असतील, तर आधी फेल्डमन, मग आर्कब्रो, आणि कान तळाला सरावल्यावर उस्तवोल्स्काया, असा क्रम ठेवावा. उस्तवोल्स्काया यांच्या रचनेत मात्र आवाज मध्येच कमी करण्याचा मोह टाळावा, कारण पिकोलोची किंकाळी आणि ट्यूबाची गुरगुर यांतले अंतर पूर्ण ताकदीनिशी कानांवर आल्याखेरीज तिसऱ्या भागातल्या हलक्या स्वरांचे वजन कळत नाही.