भूत पकडणारी पोरे आणि त्यांचे प्रेक्षक

मुलांना भुताची गोष्ट हवी असते आणि ती ऐकून झाली की रात्री एकट्याने अंगणात जायला नकोही वाटते. प्रत्येक घरातील आईला हे ठाऊक आहे. मुलांची ही ओढ आणि ही भीती दोन्ही ओळखून अमेरिकेत १३ सप्टेंबर १९६९ रोजी, शनिवारी सकाळी, सीबीएस वाहिनीवर एक कार्टून मालिका सुरू झाली. तिचे नाव 'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' चार तरुण मुलेमुली आणि त्यांचा एक भित्रा कुत्रा गावोगाव फिरतात आणि भुताखेतांची प्रकरणे उकलतात, एवढेच तिचे कथानक. पुढे १९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात आली आणि हा कुत्रा आपल्या घरांतील मुलांच्याही ओळखीचा झाला.

पन्नास वर्षांहून अधिक काळ ही पात्रे नव्या नव्या मालिकांतून आणि चित्रपटांतून परत येत आहेत. या काळात प्रेक्षकांनी त्यांच्यावर प्रेम केले, तक्रारी केल्या, कधी पाठही फिरवली. या साऱ्या प्रतिक्रियांतून पालकांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

पालकांच्या तक्रारीतून जन्म

या मालिकेचा जन्मच मुळी प्रेक्षकांच्या नाराजीतून झाला. १९६८ साली अमेरिकेत एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. देश हादरून गेला होता. शनिवारी सकाळी मुलांना जी कार्टून दाखवली जात, त्यांत मारामारी, स्फोट आणि राक्षसांचा सुळसुळाट होता. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यात पेगी चॅरन यांच्या पुढाकाराने पालकांची 'अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना उभी राहिली. मुलांच्या डोळ्यांसमोर काय ठेवायचे हे केवळ जाहिरातदारांनी ठरवू नये, असे या पालकांचे म्हणणे होते.

अशा टीकेमुळे वाहिन्यांना हिंसा कमी असलेले काहीतरी नवे हवे होते. सीबीएसचे फ्रेड सिल्व्हरमन यांनी हॅना-बार्बेरा या कंपनीकडे मागणी केली आणि जो रुबी व केन स्पिअर्स या लेखकांनी मालिका लिहिली. गंमत अशी, की पहिली चित्रे पाहून वाहिनीचे वरिष्ठच दचकले! हे मुलांना फार भीतिदायक होईल म्हणून त्यांनी ती नाकारली. मग कुत्र्याला पुढे आणले, विनोद वाढवला आणि मालिका मंजूर झाली. शिवाय प्रत्येक भागात आधीच टेपवर भरलेला हशा घातला. घाबरवायचे, पण लगेच हसवायचे, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला.

भुताच्या आड कोण?

मालिकेतील फ्रेड हा पुढारी, डॅफ्नी ही धाडसी पण सतत संकटात सापडणारी, वेल्मा ही चष्मा लावणारी हुशार मुलगी, शॅगी हा खादाड आणि भित्रा, आणि त्याच्याइतकाच खादाड व भित्रा स्कूबी. सुरुवातीला भूत दिसते, पळापळ होते, मग पुरावे गोळा होतात, सापळा लावला जातो आणि शेवटी भुताच्या तोंडावरचा मुखवटा ओढला जातो. आत निघतो माणूस! या आगाऊ पोरांनी मध्ये नाक खुपसले नसते तर माझे काम फत्ते झाले असते, अशा अर्थाची त्याची चडफड प्रेक्षकांना इतकी आवडली की ती अमेरिकेत बोलण्यातला विनोद होऊन बसली.

पण या माणसाला भूत व्हायची गरज का पडते, हे पाहिले पाहिजे. एका भागात जुन्या सोन्याच्या खाणीत मेलेल्या खाणकामगाराचे भूत हिंडते. ते असते तिथेच कामाला असलेल्या माणसाचे सोंग. खाणीत तेल सापडल्याचे त्याने लपवलेले असते. दुसऱ्या भागात बुडून मेलेल्या कप्तानाचे भूत पाणबुड्याच्या पोशाखात समुद्रातून वर येते. कप्तान मेलेलाच नसतो, तो बोटी चोरत असतो. तिसऱ्या भागात ओसाड विमानतळावर कवटीच्या तोंडाचा अंतराळवीर फिरतो. तो निघतो एका शेतकऱ्याचा शेजारी. आसपासची जमीन हवाई दलाला लागणार याची कुणकुण त्याला लागलेली असते आणि लोक भिऊन पळाले की ती जमीन स्वस्तात घ्यायची असा त्याचा बेत असतो.

म्हणजे भूत कुठे आहे? ते तेलात आहे, चोरीच्या मालात आहे, दुसऱ्याच्या जमिनीत आहे. मुलांना हे व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही. चार-पाच भाग पाहिले की ती स्वतःच पडद्याकडे बोट करून ओरडू लागतात, 'तोच आहे, तो मघाचा काका!' सगळे भाग एकाच साच्याचे आहेत, ही मोठ्यांची तक्रार खरी आहे. परंतु त्या साच्यामुळेच लहान मुलाला भुताच्या एक पाऊल पुढे राहण्याचा आनंद मिळतो.

ज्याने हा कुत्रा रेखाटला

स्कूबीचे चित्र काढणारे इवाओ ताकामोतो यांची हकीकत सांगितलीच पाहिजे. त्यांचा जन्म १९२५ साली लॉस एंजेलिस येथे जपानी कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई सुरू झाली आणि अमेरिकेने आपल्याच देशातील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. कित्येकांची घरे, दुकाने, शेते हातची गेली. कॅलिफोर्नियातील मांझानार छावणीत तरुण ताकामोतो होते. तेथेच सोबतच्या बंदिवानांकडून ते चित्रकलेचे धडे शिकले आणि सुटकेनंतर डिस्नेच्या स्टुडिओत लागले.

ग्रेट डेन जातीचा उत्तम कुत्रा कसा असतो हे त्यांनी एका जाणकार सहकाऱ्याकडून समजून घेतले आणि मग नेमके त्याच्या उलटे चित्र काढले. पाय वाकडे, पाठ उतरती, हनुवटी दुहेरी. बक्षीस कधीच मिळणार नाही असा तो कुत्रा जगातल्या मुलांना आपला वाटला. शेजाऱ्यालाच बागुलबुवा ठरवून त्याची जमीन कशी जाते, हे ज्याने तरुणपणी अनुभवले, त्याच्याच हातून हे चित्र उतरले, हे विसरता येत नाही.

खरे भूत हवे की खोटे?

काळ बदलला तशी प्रेक्षकांची मागणीही बदलली. १९७९ साली मालिका बंद पडायच्या बेतात असताना स्क्रॅपी हा कुणालाच न भिणारा, लढायला धावणारा पुतण्या आणला. मालिका वाचली, पण पुढे बऱ्याच चाहत्यांनी त्याचा राग केला. इतका, की २००२ च्या चित्रपटात त्यालाच खलनायक करण्यात आले. जो भीत असूनही मित्रांसोबत पुढे जातो तो स्कूबीच त्यांना जवळचा होता.

१९८५ च्या मालिकेत आणि १९९८ च्या 'झोम्बी आयलंड' या चित्रपटात तर भुते खरीच दाखवली. वाढत्या वयाच्या मुलांना हा थरार फार आवडला. पण अनेक जुन्या प्रेक्षकांनी विचारले, मुखवट्याखाली माणूसच नसेल तर आमच्या स्कूबीत उरले काय? याच सुमारास, १९९५ साली, कार्ल सेगन या खगोलशास्त्रज्ञाने अंधश्रद्धेवरील आपल्या पुस्तकात लिहिले, की ज्या मालिकेत प्रत्येक चमत्काराचा तपास होऊन साधे कारण सापडते, तशी मालिका मोठ्यांसाठी निघाली तर ती मोठी लोकसेवा ठरेल.

२०१० ते २०१३ या काळात आलेल्या 'मिस्टरी इन्कॉर्पोरेटेड' या ५२ भागांच्या मालिकेने दोन्ही बाजू धरल्या. तिच्यातील क्रिस्टल कोव्ह हे गाव भुतांच्या नावावर पर्यटक ओढते. म्हणून मुलांनी भूत पकडले की गावाचा महापौर आणि आईवडीलच चिडतात, कारण गावाचा धंदा बसतो! अखेरीस मात्र तेथेही खरी दुष्ट शक्ती येते. पुष्कळ चाहते हिला सर्वांत उत्तम मानतात, तर काहींना तो शेवट रुचला नाही.

वेल्माची गोष्ट

वेल्मा ही मुलगी रूपाने नव्हे, डोक्याने पुढे येते. चष्मा लावणाऱ्या, पुस्तकांत रमणाऱ्या मुलींना तिच्यात आपली मैत्रीण सापडली. २०२३ साली मोठ्यांसाठी निघालेल्या 'वेल्मा' मालिकेत तिला भारतीय वंशाची दाखवले आणि मिंडी केलिंग यांनी तिला आवाज दिला. प्रतिक्रिया फार कडवट आल्या. काहींना तिचा रंग बदललेलाच खपला नाही, आणि हा आक्षेप आपण मुळीच मान्य करू नये. पण दुसरे म्हणणे विचार करण्याजोगे होते. स्वतः दक्षिण आशियाई असलेले अनेक प्रेक्षक म्हणाले, आम्हाला पडद्यावर जागा दिलीत, पण टोमणे आणि थट्टेखेरीज तिला काय दिलेत? त्या मालिकेत स्कूबीही नव्हता. २०२४ साली ती बंद झाली. नुसती जागा मिळून भागत नाही, त्या जागेवर माणूस म्हणून मान मिळावा लागतो.

पालकांनी काय करावे?

लहान मूल खरोखर घाबरत असेल तर त्याला जबरदस्तीने बसवू नये आणि 'भित्रा' म्हणून चिडवूही नये. शॅगी आणि स्कूबीही भितातच की! शक्य असेल तेव्हा मुलांजवळ बसून एखादा भाग पाहावा आणि संपल्यावर तीन प्रश्न विचारावेत. भूत प्रथम कोणी पाहिले म्हणाले? त्याला भिऊन कोण निघून गेले? आणि ते गेल्यावर फायदा कोणाचा झाला? मुलांना ही सवय लागली, की उद्या कुणी विहिरीवर हडळ आहे म्हणो की पडक्या वाड्यात खविस, ती हेच तीन प्रश्न तिथेही विचारतील. तेव्हा त्यांना आगाऊ म्हणून गप्प बसवू नका.