स्लॅब भरण्याआधी: इलेक्ट्रिकल ड्रॉइंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर?

पालघर-बोईसर पट्ट्यात वायरिंगची कामं घेणारे मला एकच प्रश्न विचारतात: आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये चार पॉइंट हलवायला ऑटोकॅड घ्यावंच लागतं का?

मी म्हणतो, आधी फाइल बघा. बहुतेक वेळा ती डीडब्ल्यूजी असते. नुसती बघायची, प्रिंट काढायची, तर ऑटोडेस्कचं ट्रूव्ह्यू फुकट आहे. बदल मात्र त्यात होत नाहीत. लिब्रेकॅडही फुकट, पण ते सेव्ह करतं डीएक्सएफमध्ये. रोजचंच काम असेल तर ऑटोकॅड एलटी, नाहीतर ब्रिक्सकॅड किंवा झेडडब्ल्यूकॅड. एलटीचे पैसे मुदतीवर भरत राहायचे. बाकी दोन्ही कायमच्या लायसन्सवरही मिळतात.

ट्रायल घ्या आणि चालू साइटचंच ड्रॉइंग उघडा. एक फॅन पॉइंट हलवा, सेव्ह करा, आर्किटेक्टला परत पाठवा. लेअर, ब्लॉक, स्केल सगळं जागेवर आहे असं तो म्हणाला, तरच पैसे भरा. कारण फॅन बॉक्स आणि पाइप स्लॅब भरण्याआधीच पडतात. तिथे चुकलेला पॉइंट मग माउसने नाही, छिन्नीने हलवावा लागतो!