पदवी नव्हे, पुरावा

अमेरिकेत बंदुकांवर निर्बंध असावेत का, या वादात दोन्ही बाजू प्राध्यापकांचे दाखले देतात. मग विश्वास कोणावर ठेवायचा? मी दोन उदाहरणं वाचली.

एमरी विद्यापीठातले इतिहासकार मायकेल बेलील यांनी २००० साली एक पुस्तक लिहिलं. पूर्वीच्या अमेरिकेत फार थोड्या घरांत बंदुका होत्या, असा त्यांचा दावा होता. पुस्तकाला बँक्रॉफ्ट पुरस्कारही मिळाला. पण सॅन फ्रान्सिस्कोत पाहिल्या म्हणून त्यांनी सांगितलेल्या मालमत्तेच्या नोंदी १९०६ च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झाल्या होत्या. चौकशीनंतर २००२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पुरस्कारही काढून घेतला गेला. त्यांच्या पहिल्या टीकाकारांपैकी क्लेटन क्रेमर प्राध्यापक नव्हते. ते सॉफ्टवेअर अभियंते होते, शिवाय बंदुकीच्या हक्काचे उघड समर्थक. तरीही त्यांनी दाखवलेल्या चुका खऱ्या निघाल्या.

दुसऱ्या बाजूला अर्थतज्ज्ञ जॉन लॉट. लोकांनी बंदुका जवळ बाळगल्या तर गुन्हे घटतात, असं ते म्हणतात. त्यांच्या एका सर्वेक्षणाची मूळ माहिती मागितली, तेव्हा ती संगणक बिघडल्याने गेली असं उत्तर मिळालं. २००४ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने म्हटलं की, अशा कायद्यांमुळे गुन्हे वाढतात की घटतात, हे उपलब्ध पुराव्यावरून ठरत नाही. एका सदस्याचं मत वेगळं होतं. तेही अहवालात छापलं गेलं.

माझ्या मते निःपक्षपातीपणा म्हणजे मत नसणं नव्हे. आपल्या नोंदी विरोधकालाही तपासू देणं, हा निःपक्षपातीपणा. फायरिंग रेंजवरही गुण टार्गेटवरच्या छिद्रांवरून मिळतात, खांद्यावरच्या फितीवरून नाही.