जहाजाच्या धुराचा हिशेब

अहेरी तालुक्यातील आलापल्लीची ओळख सागवानाची. येथून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटर दूर. बंगालचा उपसागर त्याच्या निम्म्या अंतरावर. पण तिकडे पोहोचते ते प्राणहितेचे पाणी, तेही गोदावरीतून. सागाचे आणि जहाजांचे नाते मात्र जुने. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले १८१७चे ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूलमध्ये आजही तरंगते आहे. (लाकूड मलबारचे, आलापल्लीचे नव्हे, श्रेय उगाच कशाला घ्या!) ते शिडाचे जहाज होते, त्याला धुरांडे नव्हते.

आजच्या जहाजांना आहे. माणसाने हवेत सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के वायू जहाजांचे. शिवाय त्यांच्या जाड, काळ्या इंधनात गंधक असते. ते जळून होणारे सूक्ष्म कण बंदराजवळच्या वस्तीतील माणसांच्या फुप्फुसात आणि पुढे हृदयविकारापर्यंत पोहोचतात. म्हणून १ जानेवारी २०२०पासून इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली.

नियम पाळला गेला का, हे ढगांनी सांगितले. धुरातील कणांमुळे जहाजांच्या वाटेवर ढगांचे पांढरे पट्टे उमटतात. नासाच्या शास्त्रज्ञांनी २००३ ते २०२० या काळातील उपग्रहचित्रे संगणकाला शिकवून तपासून घेतली, तेव्हा २०२०मध्ये हे पट्टे एकदम घटलेले दिसले. गंमत अशी, की हे पट्टे सूर्यप्रकाश परतवत असत; ते गेल्याने किंचित तापमानवाढीचीच भर पडली. हवा स्वच्छ झाली, कार्बनचा प्रश्न उघडा पडला.

डेटा सायंटिस्टचे खरे काम इथे सुरू होते. वेग आणि इंजिनाची ताकद यांचे नाते साधारणपणे घनाचे असते. वेग १० टक्के कमी केला, तर ताकद सुमारे २७ टक्के कमी लागते. प्रवास लांबतो हे धरूनही इंधन जवळपास १९ टक्के वाचते. तरीही अनेक जहाजे घाईने बंदर गाठतात आणि धक्का रिकामा होईपर्यंत बाहेर नांगर टाकून बसतात. धक्का कधी मिळेल, हे आधी वर्तवता आले तर ही धावपळ टळेल.

दुसरे कोडे तळाचे. जहाजाच्या तळावर शेवाळ आणि शिंपले चिकटले, की तेवढ्याच वेगाला जास्त तेल लागते. पण तेल वाढले ते शेवाळामुळे, वाऱ्यामुळे, लाटांमुळे, की जास्त मालामुळे? हे वेगळे काढल्याशिवाय तळ कधी घासायचा ते ठरत नाही. त्यात जुनी पद्धत अशी, की जहाजावरून रोज दुपारी एकच अहवाल येतो. चोवीस तासांच्या वादळ-वाऱ्याची एक सरासरी! ५,००० टनेज व त्यावरील जहाजांना इंधनाचे आकडे कळवणे २०१९पासून बंधनकारक आहे आणि २०२३पासून त्यावरून जहाजाला ‘ए’ ते ‘ई’ श्रेणी मिळते. श्रेणी आकड्यांवर ठरू लागली, की आकडा मुळात कुठून आला हे पाहणे भाग पडते. कार्बनवर शुल्क लावण्याच्या प्रस्तावावरचा निर्णय ऑक्टोबर २०२५मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला. तो लागू झाला, तर याच आकड्यांवर पैसे मोजावे लागतील.

या कामाला समुद्रकिनारी राहावे लागत नाही. संख्याशास्त्र, थोडे भौतिकशास्त्र आणि इंटरनेट हवे. आलापल्लीसारख्या गावात यातली तिसरी गोष्टच कदाचित अवघड. जहाजे ‘एआयएस’ या यंत्रणेवर आपले स्थान आणि वेग सतत सांगत असतात, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावरील अशा नोंदी मोफत उतरवून घेता येतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने त्या उघडल्या, तर काही जहाजे जमिनीवर उभी दिसतील आणि काहींचा वेग १०२.३ नॉट. एवढ्या वेगाने कोणतेही मालवाहू जहाज धावत नाही. या यंत्रणेत १०२.३चा अर्थ एवढाच, की वेगाची माहिती उपलब्ध नाही.